हळदीत पोराच्या हातात ग्लास, आणि देणारे आपलेच. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

केळीवाला_चोपडा

नमस्कार मंडळी, असलं काही पहिल्यांदाच लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि थोडी कपाशी आहे. पोरगा 16 चा, यंदा अकरावी सायन्सला टाकलाय. मागच्या आठवड्यात साडूच्या पुतण्याची हळद होती. आता हळद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, हळद लावायला बाया दहा मिनिटं आणि डीजे रात्री एकपर्यंत.

आम्ही चार-पाच जण मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ बसलो होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या हातात पण ग्लास होता, मी लग्नाकार्यात घेतो, महिन्या-दोन महिन्यातून एखाद्या वेळी. पोरगा नाचून नाचून घामाघूम होऊन पाणी मागायला आला. साडू म्हणे "पाणी काय मांगस, पोर्‍या आते मोठा व्हयना" आणि डिस्पोजल ग्लासात बोटभर ओतली, वरून थम्सअप टाकलं आणि पुढे केला. सगळे हसले. मी पण हसलो. पोराने ग्लास घ्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, दोन सेकंद तरी पाहिलं असेल, आणि मी काय केलं तर मान फिरवून डीजेकडे पाहायला लागलो जसं काही मला दिसलंच नाही.

घरी आल्यावर त्याने मूठभर बडीशेप तोंडात कोंबली. बायको म्हणे एवढी बडीशेप कोणी खातं का, आणि तिथेच सगळं उघडं पडलं. ती पोराला काही बोलली नाही. मला एवढंच विचारलं, "तुमच्यासमोर झालं ना?" चार दिवस झाले, ताट वाढते पण बोलत नाही.

साडूला फोन केला तर म्हणे "एक घोट मा काय व्हस रे भो, आपण नव्हतो का पेत." आमचे आप्पा वेगळंच म्हणतात, की आमच्या वेळी पिणारे पीतच होते पण बापासमोर बिडी पेटवायची हिंमत नव्हती, तुम्ही तर बाप-लेक एका ताटात चकणा खाणार आता.

तर प्रश्न असा. कार्याला जाणं बंद करता येत नाही, भाऊबंदकी आहे, उद्या आपल्या घरी पण कार्य आहे. साडूला कसं सांगू की वाद होणार नाही, आणि मी स्वतः घेत असताना पोराला कोणत्या तोंडाने सांगू? दारू वाईट असते हे मला माहितीय, ते कृपा करून नका सांगू. तुमच्याकडे काय चालतं आणि कोणी काय केलं ते सांगा.

भुसावळ_जंक्शन

भाऊ आधी वहिनींशी बोलून घ्या, पोराचं नंतर पाहू 😄

बाकी मस्करी सोडा पण तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के घराघरातलं आहे. आमच्याकडे रेल्वे क्वार्टरमध्ये तर दहावीचा निकाल लागला की पोरांची "पार्टी" ठरलेलीच. नापास झाला तरी पार्टी, गम विसरायला.

पारोळ्याची_वहिनी

मी बाईच्या बाजूने लिहिते, कारण ट्रॉलीमागे काय चालतं ते तुम्ही लिहिलं, चुलीजवळ काय चालतं ते पण कळू द्या.

आम्हाला सगळं माहीत असतं. कोणता पोरगा कोणासोबत गेला, कोणाचे डोळे लाल, कोण उंबर्‍याला अडखळला. पण बोलायचं नाही, कारण बोललं की "कार्यात विघ्न आणू नको". मग पोराला लिंबू द्यायचं, मागच्या खोलीत झोपवायचं आणि त्याच्या बापाला कळू द्यायचं नाही. बापाला माहीतच असतं, तो आपल्याला कळू देत नाही. दोघं एकमेकांपासून लपवतात आणि मधल्यामधे पोराला समजतं की हे लपवून करायचं असतं, बाकी काही नाही. आणि हेच पोरीने केलं असतं तर? तिचं शिक्षण बंद, मोबाईल बंद, दोन महिन्यात स्थळ बघायला सुरुवात. पोराला मात्र "वय आहे, करतात पोरं". आमच्या सासूबाई तर कौतुकाने सांगायच्या की माझा लहाना आठवीपासून घेतो पण कधी शिवी नाही दिली कोणाला. तो लहाना 41 व्या वर्षी गेला. लिव्हर. तेव्हापासून सासूबाई ते वाक्य बोलत नाहीत, बाकीच्या बाया बोलतात.

अजून एक. आमच्या माहेरच्या गावात बायांनी आडवी बाटली केलेली आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, गावातल्या 25 टक्के बाया मतदारांनी सह्या करून अर्ज दिला की मतदान लागतं, चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी म्हणजे बंद करा. मी तेव्हा माहेरी गेले होते, साठ-सत्तर वर्षांच्या म्हातार्‍या काठी टेकत येत होत्या. दुकान बंद झालं, खूप बरं झालं, रोज संध्याकाळची भांडणं खरंच कमी झाली. पण हळदीला काय, डिकीत घालून तालुक्याहून आणतात. दुकान बंद करायला मतदान आहे, हळदीतल्या ग्लासाला कुठे मतदान आहे?

दादा तुमच्या बायकोने तुम्हाला विचारलं ते बरोबरच विचारलं. माझं चुकलं, मी मान फिरवायला नको होती, हे तिच्यासमोर आणि पोरासमोर एकदा बोला. लेक्चर नको. एवढंच.

केळीवाला_चोपडा

वहिनी तुमचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो. बोलतो आज.

काउंटरवाला

मी चार वर्ष एका वाईन शॉपला काउंटरवर होतो (जळगाव जिल्हा एवढंच सांगतो), आता सोडलं, आता हार्डवेअरमध्ये आहे. म्हणून थोडं आतलं सांगतो.

कायद्याने महाराष्ट्रात बियर आणि वाईनला 21 पूर्ण पाहिजे आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला 25. हे 25 वालं निम्म्या लोकांना माहीतच नाही, कॉलेजची पोरं म्हणतात 18 झालं की झालं. आणि घेणार्‍याकडे परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना विदेशीला 5 रुपये, देशीला 2 रुपये. तुम्ही कधी काढलाय का? नाही ना. तो कागद कोणाच्या तरी नावाने फाडला जातो आणि ड्रॉवरमध्ये पडतो. मालक म्हणायचा वय विचारायच्या भानगडीत पडलास तर गिर्‍हाईक समोरच्या दुकानात जातं.

पण खरी गोष्ट ही की 15-16 ची पोरं स्वतः फार कमी येतात, त्यांना पण लाज असते. येतात ती कोणाच्या तरी चिठ्ठीवर. "काकांनी पाठवलंय." आणि खरंच काकांनी पाठवलेलं असतं! एक पोरगा यायचा, सातवीतला असेल, शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर, हातात मोडलेल्या नोटा, आणि बापाचा ब्रँड असा सांगायचा जसा आपण मेडिकलवर गोळीचं नाव सांगतो. क्वार्टर दप्तरात ठेवायचा, वह्यांच्या मधे, फुटू नये म्हणून. मी पहिल्या वेळी नाही दिली तर बापाने येऊन मला शिव्या घातल्या की माझा पोरगा, माझे पैसे, तुझ्या बापाचं काय जातं. त्यानंतर मी दिली, सरळ सांगतो, नोकरी होती. त्या पोराने तेव्हा प्यायली नसेलही. पण दारू ही दूध-पेपरसारखी रोज घरात आणायची वस्तू आहे हे त्याला सातवीतच शिकवून टाकलं ना.

धुळे_मास्तरीण

ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. काउंटरवाले भाऊ, तुम्ही जे शेवटी लिहिलं तेच मी पोरांना एक तास लावून सांगते आणि एवढं नीट जमत नाही.

केळीवाला भाऊंचा प्रश्न वाचून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुम्ही पाच जण ट्रॉलीजवळ होतात, सगळे हसले. त्या पाचांपैकी खरंच किती जणांना ते आवडलं होतं? तुम्हाला नव्हतं आवडलं तरी तुम्ही हसलात. मग बाकीच्या चौघांपैकी पण एखाद-दोघं तसेच असतील की नाही? प्रत्येकाला वाटतं की मला एकट्यालाच खटकलंय, बाकी सगळ्यांना चालतं, म्हणून प्रत्येक जण गप्प. आणि सगळे गप्प आहेत म्हणून प्रत्येकाची खात्री की सगळ्यांना चालतं. यावर खूप अभ्यास झालाय. 1986 मध्ये अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी कॉलेजच्या मुलांना विचारलं तर मुलांना आपल्या बरोबरीची पोरं जेवढी पिण्याच्या बाजूची वाटत होती तेवढी ती नव्हतीच. आणि गंमत अशी की पोरगा चालतो तो खर्‍या आकड्यावर नाही, त्याच्या डोक्यातल्या आकड्यावर चालतो.

मी वर्गात एकदा चिठ्ठ्या घेतल्या, नाव न लिहिता. पहिला प्रश्न, वर्गातली किती मुलं पीत असतील असं वाटतं. दुसरा, तू कधी घेतली आहेस का. पहिल्याला बहुतेकांनी "अर्धा वर्ग", "सगळी मुलं" असं ठोकून दिलं. दुसर्‍याला हो लिहिणारे बोटावर मोजण्याइतके निघाले. हा काही अभ्यास नाही, तासाला वेळ होता म्हणून केलं, आणि काहींनी खोटंही लिहिलं असेल. पण चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्यावर मागच्या बाकावरची शांतता बघण्यासारखी होती. देशपातळीवरचं म्हणाल तर 2019 मध्ये एम्सच्या डॉक्टरांनी केंद्र सरकारसाठी केलेला मोठा सर्व्हे आला होता, त्यात 10 ते 17 वयाच्या मुलांमध्ये दारू घेणारे 1.3 टक्के निघाले आणि मोठ्यांमध्ये 17 टक्क्यांच्या आसपास. पोरं लपवतात म्हणून खरा आकडा जास्त धरा, दुप्पट-तिप्पट धरा, तरी "सगळेच पितात" हे कुठेच बसत नाही.

म्हणून साडूंशी भांडायच्या आधी उरलेल्या तिघांना एकेकटं गाठून विचारा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं. बघा काय निघतं.

फर्स्टइयर_अमळनेर

मी 19 चा आहे. इथे सगळे काका लोक आहेत म्हणून बोलू की नको असं झालं पण मॅडमनी लिहिलं ते माझ्यासोबत झालंय म्हणून सांगतो.

दहावीच्या सुट्टीत मित्राच्या मळ्यात पार्टी होती, केळीचा मळा. मोठ्या मुलांनी आम्हाला बियर दिली. कडू लागली राव, मला अजिबात नाही आवडली, पण सगळे "चिअर्स" करत होते तर मी पण ग्लास धरून उभा. मग लघवीला जायच्या नावाने मळ्यात आत गेलो आणि केळीच्या बुडाशी ओतून आलो. असं मी तीन वेळा केलं आणि वरून चढल्याची अॅक्टिंग पण केली. आता खरी गंमत. यंदा गणपतीत माझा खास दोस्त बोलता बोलता म्हणाला की भाई त्या दिवशी मी एक पण ग्लास नाही प्यायला, सगळी केळीला पाजली. तो दुसर्‍या सरीत होता एवढंच 😂 दोन वर्ष आम्ही दोघं एकमेकांना बेवडा समजत होतो!

काका तुम्ही पोराला "पिऊ नको" म्हणाल ते ठीक आहे, पण त्याला तिथे नाही म्हणायला काहीतरी द्या. तिथे "मी पीत नाही" म्हणणं लय अवघड असतं, लगेच "मम्मीचा बाळ" सुरू होतं. मी सांगतो टायफॉईडची गोळी चालू आहे. माझा टायफॉईड दोन वर्षांपासून चालू आहे. नाहीतर सांगतो की मला गाडी चालवून सगळ्यांना सोडायचंय.

भुसावळ_जंक्शन

त्या केळीला घड कसा आला ते सांग आधी 😂😂

काउंटरवाला

गाडीवालं कारण 18 च्या खालच्या पोराला शिकवू नका भो, लायसन नाही तर बाप अडकतो. 2019 पासून पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षापर्यंत कैद आहे. पुण्याची 2024 मधली पोर्शेची केस विसरलात का, 17 चा पोरगा, दारू, गाडी, दोन जीव गेले, आणि आधी काय तर 300 शब्दांचा निबंध. नंतर बापाला पण धरलं.

रावेर_पाटील

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं, शिव्या देऊ नका. चोरून पिण्यापेक्षा घरी बापासमोर थोडी दिलेली काय वाईट? फॉरेनला असंच असतं, जेवणासोबत पोरांना वाईन देतात म्हणून तिथे पोरं बाहेर जाऊन धिंगाणा करत नाहीत. आपण बंदी घालतो म्हणून त्यांना जास्त ओढ लागते. मी माझ्या पोराला 17 व्या वर्षी स्वतः एक बियर दिली, म्हटलं घे, चव बघ, आणि आता विषय संपला. त्याला काही ओढ नाही.

धुळे_मास्तरीण

पाटील भाऊ, शिव्या कशाला, हा प्रश्न पालक सभेत दर वेळी येतो. मलाही आधी हे पटायचं. पण हे तपासून झालंय. ऑस्ट्रेलियात 1,900 च्या वर मुलं आणि त्यांचे आई-बाप सहा वर्ष सलग पाहिले, 2018 मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय मासिकात आलं ते. ज्यांना आई-बापच देत होते ती मुलं बाहेरून पण जास्तच घेत होती, घरच्या बियरने बाहेरची थांबली असं दिसलं नाही, आणि दारूमुळे होणारा त्रासही काही कमी झाला नाही. घरून मिळाली याचा पोराने काढलेला अर्थ "चव बघून विषय संपला" नसतो, "पप्पांना चालतं" हा असतो. तुमच्या मुलाला ओढ नाही हे छानच आहे, पण ते बियरमुळे आहे की तुम्ही त्याच्याशी बोलता म्हणून आहे ते तुम्हीच विचार करा. शिवाय जी पोरं 15 च्या आत सुरू करतात त्यांना पुढे व्यसन जडायचं प्रमाण 21 नंतर सुरू करणार्‍यांच्या चौपट आहे असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत निघालं होतं. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे ते 25 वर्षांचं कायद्याचं कलम दिसतं तेवढं येडं नाही.

आणि कायद्याचंच निघालं म्हणून, 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77, अठराच्या आतल्या मुलाला दारू देणार्‍याला सात वर्षापर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात काका, मामा, साडू असा काही अपवाद लिहिलेला नाही.

रावेर_पाटील

हे कलम माहीत नव्हतं. बरं. बियरचं जे झालं ते झालं, विचार करतो.

सातपुडा_गुरुजी

धडगावकडे (नंदुरबार जिल्हा) शाळेवर आहे, मी स्वतः पावरा आदिवासी. धागा उशिरा पाहिला. दोन गोष्टी सांगतो कारण असा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच "अहो आदिवासींमध्ये तर लहान पोरं पण पितात", इथे अजून कोणी म्हटलं नाही याचं आश्चर्य आहे.

आमच्याकडे महूची (मोहाची) दारू देवाची असते. इंदल हा आमचा सण असो, होळी असो, सोयरीक असो, आधी जमिनीवर थेंब सोडायचे, देवाला, पूर्वजांना, मग वडीलधार्‍यांनी, मग बाकीच्यांनी. फागुन-चैत्रात महूची फुलं पडतात, पहाटे टोपल्या घेऊन अख्खं घर वेचायला जातं, मी पण गेलोय. लहान पोराच्या ओठाला थेंब लावणं हेही काही ठिकाणी आहे, मी नाकारणार नाही. पण त्याला वेळ होती, जागा होती, कोणाच्या हातून हे ठरलेलं होतं, आणि सण संपला की संपलं. माझ्या आज्याने मला होळीला थेंब दिला असेल, पण शाळेच्या दिवशी कोणी महूच्या मडक्याजवळ फिरकलं तर तोच आजा काठी घेऊन उठायचा.

आता काय झालंय, आठवडी बाजारात बाटली आली. तिला ना देव ना होळी. पैसे द्या आणि घ्या, मंगळवारी घ्या, बुधवारी घ्या. रीत गेली आणि "आमच्यात चालतं" एवढं वाक्य शिल्लक राहिलं, आणि ते वाक्य आता बाटली विकणारे आम्हालाच ऐकवतात. तुमच्या हळदीचं पण मला तसंच दिसतं. हळदीत दारू कोणत्या रीतीत होती हो? आप्पांना विचारा. डीजे आला त्याच्या मागे मागे आली असणार.

दुसरी गोष्ट. आमच्या जिल्ह्याला गुजरात लागून आहे आणि तिकडे राज्य झाल्यापासून, 1960 पासून दारूबंदी. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे, एका बाकड्यावर बसून दोन राज्यात बसता येतं. आता जिथे एका बाजूला दुकान आणि दुसर्‍या बाजूला बंदी तिथे माल न्यायला कोण लागतं? पोरगं. पोरावर कोणाला संशय येत नाही. नववीतला माझा एक विद्यार्थी अचानक भारी मोबाईल घेऊन आला, बूट आले, आणि वर्गातली पोरं त्याच्याकडे अशी पाहायला लागली जशी आधी कबड्डीच्या कॅप्टनकडे पाहायची. तो स्वतः पीत नव्हता, निदान तेव्हा तरी. त्याला असं वापरणार्‍यालाही त्याच बाल न्याय कायद्याच्या 78 कलमाखाली तेवढीच शिक्षा आहे, सात वर्ष. पण गावात त्या वापरणार्‍याला "शेठ" म्हणतात आणि लग्नात त्याचा पहिला सत्कार होतो, शाल-श्रीफळ. मी मास्तर असून मागे खुर्चीवर. मग नववीच्या पोराने कोणाकडे बघून चालायचं?

पारोळ्याची_वहिनी

गुरुजी तुमचं ते शाल-श्रीफळ 🙏 आमच्याकडेही अगदी तेच.

निनावी_जामनेर

कोणाच्या घरी पुढे गेलेलं प्रकरण असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. मुलांसाठी 1098. माझ्या भावासाठी आम्ही लावला होता. पहिल्या फोनला मी काहीच न बोलता ठेवून दिला होता, दुसर्‍याला बोललो. बाकी काही लिहीत नाही.

धुळे_मास्तरीण

निनावी, बरं झालं लिहिलंत.

केळीवाला भाऊ, अजून एक सांगून थांबते, आइसलँड नावाचा देश, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी पण लोकसंख्या नाही. तिथे 1998 मध्ये 15-16 वयाच्या पोरांपैकी 42 टक्के मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी बर्‍याच गोष्टी केल्या, पोरांच्या खेळाला पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर फिरायला बंदी, पण त्यातली आपल्याला जमण्यासारखी एक आहे. एका शाळेच्या आई-बापांनी एकत्र बसून लिहून ठरवायचं की आपण कोणीच कोणाच्याच पोराला देणार नाही. म्हणजे मग कोणा एकालाच "साधू" व्हावं लागत नाही.

केळीवाला_चोपडा

मंडळी, तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

वहिनींनी सांगितलं तसं त्याच दिवशी जेवताना बोललो. पोराला म्हटलं, त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड फिरवलं, ते चुकलं. तो काही बोलला नाही, भाकरी मोडत राहिला, मग म्हणे "मला वाटलं तुम्ही हो म्हणताय." बायकोने उठून त्याला अजून वरण वाढलं आणि मला पण वाढलं. बोलली दुसर्‍या दिवशी.

मग मॅडमनी सांगितलं तसं ट्रॉलीवाल्यांना एकेकाला गाठलं. एक जण सोसायटीत भेटला, म्हणे मला तर तेव्हाच राग आला होता, पण तूच हसला म्हटल्यावर मी काय बोलणार, पोरगा तुझा. दुसरा माझा चुलतभाऊ, त्याचा पोरगा नववीत आहे, तो म्हणे पुढचा नंबर माझ्या पोराचाच होता, मला झोप नाही आली त्या रात्री. म्हणजे पाचातले तीन जण आम्ही उगाचच हसलो होतो. तिसरा म्हणाला यात बोलण्यासारखं काय आहे, आणि मोटर चालू करायला निघून गेला.

साडूला वेगळं नाही गाठलं. परवा चुलतभावाच्या शेतात भरीत पार्टी होती, सगळे येणारच होते. आम्ही तिघांनी आधीच ठरवलं की पोरं असेपर्यंत कोणी बाटली काढायची नाही. तिघांनी ठरवलं म्हणून बोलायला जड नाही गेलं, एकट्याने माझ्याच्याने झालं नसतं. साडू आल्या आल्या डिकी उघडायला लागला तर चुलतभाऊ म्हणे राहू दे, पोरं आहेत. साडू म्हणे "काय रे, तुम्ही साधू व्हयी ग्यात का?" मी म्हटलं पोरं जाऊ दे मग काढ, तुला कोण अडवतंय. फुगला. अर्धा तास कोणाशी बोलला नाही, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत बसला एकटाच, धूर डोळ्यात घेत. मग वांगी झाली तशी बडगीत घालून ठेचायला माझ्या पोरालाच हाक मारली, आणि त्याला दाखवत बसला की मिरची कधी टाकायची, कांद्याची पात कधी, दाणे कधी. सगळे जेवले. साडेनऊला पोरांना चुलतभावाने घरी सोडलं.

मग बाटली निघाली. मी घेतली का? हो, घेतली एक, खोटं नाही बोलणार. बंद करेन असं इथे लिहायला सोपं आहे. पण घरी गेलो तर पोरगा जागा होता, अभ्यास करत होता की मोबाईल पाहत होता माहीत नाही, आणि मी सरळ जाऊन मूठभर बडीशेप तोंडात टाकली. त्याने पाहिलं. माझ्या लक्षात आलं की मी काय करून राहिलो. काही बोलला नाही तो, फक्त डबा परत फळीवर ठेवून दिला.

वैशाखात अजून दोन लग्नं आहेत, एक साडूच्या घरचंच.

पारोळ्याची_वहिनी

😐 बडीशेपेचा डबा वहिनींना सांगू नका आत्ताच.

फर्स्टइयर_अमळनेर

काका वैशाखात पोराला माझा टायफॉईड द्या, पाहिजे तर.

भुसावळ_जंक्शन

सगळं ठीक आहे भो पण भरीतासोबत कळण्याची पुरी होती की नाही ते लिहिलंच नाही.

केळीवाला_चोपडा

होती. साडूच्या घरून आली होती.